समजा, उघडलंच तर

फिटर : नाही हो ताई, शिवणयंत्र उघडलेलं नाही. मी फक्त विचारतोय, समजा कुणी उघडलंच, तर ती बारकी स्प्रिंग कुठे बसते?

कंपनी : सर, वॉरंटीत असलेलं मशीन घरी उघडायचं नसतं. सील तुटलं की वॉरंटी रद्द होते.

फिटर : माहीत आहे. कार्डावर लाल अक्षरात लिहिलंय. मी आपलं ज्ञान म्हणून विचारलं.

कंपनी : तक्रार काय आहे?

फिटर : खडखड करत होतं. मागच्या आठवड्यात बायको शिवत होती, तेव्हा मी या कानांनी ऐकलं. पण ती म्हणाली, तुम्ही हात लावायचा नाही. आज ती बहिणीकडे गेलीय, पाचला येईल. उद्या तिला शाळेचे बारा गणवेश पोचवायचेत. म्हटलं, तेवढ्यात तुमच्याकडून दुरुस्तीची माहिती घेऊन ठेवावी.

कंपनी : मशीनचा नंबर सांगा. तळाला पट्टी असते बघा.

फिटर : थांबा हं. तळ टेबलावर आहे. मी पलंगापाशी आहे.

कंपनी : पलंगावर काय आहे?

फिटर : बाकीचं मशीन.

कंपनी : सर, तळ टेबलावर आणि मशीन पलंगावर?

फिटर : जरा हवा लागावी म्हणून.

कंपनी : काका, खरं सांगा. काय काय सुटं केलंय?

फिटर : आता तुमच्यापासून काय लपवायचं? सगळंच. बत्तीस वर्षं बस डेपोत फिटर होतो मी. इंजिन डोळे मिटून खोलायचो आणि बसवायचो, कधी एक वायसर उरला नाही. आज तीन स्क्रू बशीत आहेत, स्प्रिंग हातात आहे, आणि एक दातेरी चाक आहे ते कुठून आलं देव जाणे. कदाचित आधीपासून घरातच असेल.

कंपनी : खोलण्याआधी चालवून पाहिलं होतं का?

फिटर : आमच्याकडे तशी पद्धत नव्हती. गाडी आत आली की खोलायची.

कंपनी : बरं, नंबर वाचा.

फिटर : चार, सात, सात, शून्य, नऊ.

(पलीकडे कळफलकाची टकटक.)

कंपनी : काका, हे मशीन परवाच दुरुस्त झालंय.

फिटर : कुणाचं?

कंपनी : तुमचंच. आमचा मेकॅनिक सकाळी अकराला येऊन गेला. मॅडमची सही आहे.

फिटर : अकराला मी वाचनालयात असतो. म्हणजे आज मी जे खोललं, ते...

कंपनी : ठणठणीत होतं.

फिटर : झालं कल्याण. अगं पोरी, वॉरंटी खड्ड्यात गेली तरी चालेल, पण तिने शाळेला शब्द दिलाय. माझ्या उपद्व्यापापायी तिचा शब्द जायचा. तू एकेक सांगत जा, मी बसवत जातो.

कंपनी : नको काका, तुम्ही आता काहीही बसवू नका. आज चारला मेकॅनिक तुमच्याकडे येणारच आहे.

फिटर : येणारच आहे? मी तर फोन आत्ता केला.

कंपनी : मॅडमनी परवाच वेळ घेऊन ठेवलीय. नियमात बसत नाही, पण त्यांनी शेऱ्यात जे लिहिलंय त्याखाली आमच्या साहेबांची सही आहे. वाचू का?

फिटर : वाच. नोकरीत शेरे काही कमी नाही खाल्ले.

कंपनी : ‘गुरुवारी मी बाहेर जाणार आहे, तेव्हा यजमान मशीन खोलतील. त्यांचा फोन आला तर रागावू नका, माणूस पाठवा. निवृत्त झाल्यापासून ते रिकाम्या हातांनी घरभर फिरतात, मला बघवत नाही.’



फिटर : हे मला वाचून दाखवलंस, ते तिला कळू देऊ नकोस. पाचला येऊन ती ओरडणार आहे, ते मला नीट ऐकून घ्यायचंय.