चाळिसातल्या सात

(विद्यापीठाच्या ग्रंथालयाबाहेरची सामान ठेवायची खिडकी. आत लोखंडी रॅक, रॅकमध्ये विद्यार्थ्यांच्या सॅक. दुपारचे तीन वाजून गेलेत.)

मावशी : एकोणचाळीस झाल्या ना? आण ती शेवटची. हं. लॉची आहे, लिही.

मुलगी : इतक्यात? हातसुद्धा लावला नाहीत.

मावशी : हात कशाला लावू, खांदा निखळवून घ्यायला? पट्टा बघ कसा उसवलाय. जाडजूड पुस्तकं नुसती वाहायची, उघडायची नाहीत. आणि टोकन हातात पडलं की लॉवाला हमखास विचारणार, "हरवलं तर जबाबदारी कुणाची?" समोर ढळढळीत पाटी लावलीय, तरी विचारणार.

मुलगी : लिहिलं. लॉ.

मावशी : आता सांग, पास की नापास? सकाळपासून या चाळीस सॅक तू घेतल्यास, मी पाठ करून बसले. मागाहून म्हणू नकोस, मावशीने चोरून पाहिलं.

मुलगी : नाही म्हणणार. प्रत्येकाने आपली शाखा चिठ्ठीवर लिहून दिलीय. ताडून बघते, थांबा.

मावशी : बघ, सावकाश बघ. सतरा वर्षं बसलेय या खिडकीत. कॉमर्सची सॅक इस्त्री केल्यासारखी असते. इंजिनिअरिंगची धुतलेली दाखव, कान पकडीन. केमिस्ट्रीच्या सॅकला ॲसिडची भोकं. आणि तत्त्वज्ञानवाले तर सॅक इथेच विसरून जातात. परवा एकाला हाक मारून परत बोलावलं, तर म्हणतो कसा, "ही माझीच आहे असं तुम्हाला का वाटतं?"

मुलगी : खरंच म्हणाला?

मावशी : नाही म्हणाला. पण म्हणाला असता.

मुलगी : हे पण लिहून घेते.

मावशी : ए, ते नको लिहूस! आणि काय गं, तू हे सगळं विचारतेस कशासाठी?

मुलगी : सांगितलं ना सकाळी. अमक्या शाखेचे असे, तमक्या शाखेचे तसे, असं जे सगळे बोलतात, ते कितपत खरं निघतं ते बघायचंय.

मावशी : आणि ते बघायला आजचाच मुहूर्त सापडला? आठ दिवसांपूर्वी या खिडकीतून सॅक चोरीला गेली. आज चार वाजता वर समिती बसतेय, त्या पोराला विद्यापीठातून काढणार आहेत. आणि नेमकी आजच तू वही घेऊन हजर. मी काय दूधखुळी आहे? कुणी पाठवलं तुला, सुपरवायझरने?

मुलगी : कुणी नाही पाठवलं.

मावशी : मग त्या पोराची कोण लागतेस? बहीण?

मुलगी : कुठल्या पोराची?

मावशी : आव आणू नकोस. त्या चित्रकलेच्या.

मुलगी : त्याला मी एकदाच पाहिलंय.

मावशी : तुमच्या वयात एकदा पुरतं.

मुलगी : तेहेतीस.

मावशी : काय तेहेतीस?

मुलगी : चाळिसातल्या तेहेतीस सॅक तुम्ही बरोबर ओळखल्यात. मला वाटलं होतं, पंधराच्या वर जाणार नाहीत.

मावशी : ऐकलंत का! अगं, वर नेऊन दाखव ती वही त्या साहेबांना. मला विचारतात, "बाई, तुम्हाला खात्री आहे का?" तेहेतीस म्हणावं!

मुलगी : सात चुकल्या.

मावशी : चाळिसात सात म्हणजे काय मोठंसं!

मुलगी : चित्रकलेच्या म्हणून तुम्ही पाच सांगितल्यात. रंगाचे डाग, टर्पेंटाइनचा वास. त्यांतल्या तीनच चित्रकलेच्या निघाल्या.

मावशी : आणि बाकीच्या दोन?

मुलगी : एक इंजिनिअरिंगच्या मुलाची. त्यांच्या हॉस्टेलला महिनाभर रंगकाम चाललंय, बादली कलंडली त्याच्या सॅकवर. दुसरी कॉमर्सच्या मुलीची. ती नाटकाचे पडदे रंगवते.

मावशी : तरी पाचात तीन. निम्म्याच्या वरच झालं की.

मुलगी : अशा डागांवरून शंभर जणांना काढून टाकलं, तर त्यांतले चाळीस चित्रकलेचेच नसतील.

मावशी : आलीस ना मुद्द्यावर! मला केव्हाचा वास येत होता. त्या पोराचीच तू, दुसरी कोण! ऊठ, ते स्टूल मला पाहिजे.

मुलगी : उठते. जाता जाता माझी शाखा तेवढी सांगा.

मावशी : तुझी? दाखव सॅक. ही काय, शेतकीची. शिवणीत माती बसलीय, आणि तळाला गवताचं बी चिकटलंय.

मुलगी : ही माझ्या खोलीतल्या मैत्रिणीची आहे. मी स्टॅटिस्टिक्सची.

मावशी : उसनी सॅक घेऊन मला फसवायला आलीस होय? तुझी कुठाय?

मुलगी : सांगते. आधी तुम्ही सांगा, चोरीला गेली ती सॅक कशी होती?

मावशी : ती? डोळे मिटून सांगते. काळी. डाव्या खिशाची चेन तुटलेली, तिथे सेफ्टीपिन लावलेली. बाटलीच्या कप्प्याला निळ्या दोऱ्याचे टाके, बारीक, सुबक, कुणा जाणत्या बाईच्या हातचे. आत कागदच कागद. उभी ठेवली की कलंडायची, म्हणून मी तिला भिंतीकडच्या कप्प्यात टेकवून ठेवायचे. दोन वर्षं येत होती बिचारी. माझा जीव तुटला गं ती गेली तेव्हा.

मुलगी : आणि तिची मालकीण?

मावशी : होती एक मुलगी. तासभर रडत बसली होती, याच स्टुलावर.

मुलगी : दिसायला कशी होती?

मावशी : कशी म्हणजे, असतात तुम्ही मुली तशी. उंच होती. म्हणजे, बसलेली होती ना. चष्मा होता बहुतेक. की नव्हता?

मुलगी : तुम्ही तिला पाणी दिलंत.

मावशी : दिलं की.

मुलगी : पेला नव्हता, म्हणून बाटलीच्या झाकणातून. तीन झाकणं प्यायले मी. चौथं ओढणीवर सांडलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "पाणीच आहे, वाळेल."

मावशी : तू?

मुलगी : मीच, मावशी. निळे टाके माझ्या आईने घातलेत.

मावशी : अगं बाई! आणि सकाळपासून तू इथे बसलीयेस...

मुलगी : सकाळपासून. मला वाटलं, आता ओळखाल, मग ओळखाल. दोन वर्षं माझी सॅक तुम्ही रोज घेत होतात.

मावशी : खिडकी बघ की गं ही! तिकडे उभी राहा नि बघ, माझ्याकडून काय दिसतं ते. हात दिसतो आणि सॅक दिसते. तोंड बघायचं तर कंबरेत वाकावं लागतं. दिवसाला चारशे वेळा वाकू?

मुलगी : वाका असं मी म्हणतच नाहीये. त्या दिवशी वाकला होतात का, एवढंच सांगा.

मावशी : मला पेचात धरायला आलीस तू.

मुलगी : खरं सांगू? आधी मला तुमचाच संशय होता. वाटलं, सॅक तुम्हीच कुणाला तरी दिलीत आणि त्या मुलावर ढकलताय.

मावशी : माझा संशय? सतरा वर्षांत कुणाची टाचणी घरी नेली नाही मी!

मुलगी : दिसलं ते. उघडी चेन दिसली की तुम्ही आत न बघता लावून टाकता. म्हणून तर सगळं तोंडावर बोलतेय. मला माझे कागद हवेत, मावशी. सहाशे घरांचे जिने चढून भरलेले फॉर्म आहेत ते. लॅपटॉप गेला तर गेला, फॉर्म चोराने कुठेतरी फेकलेही असतील. पण सगळे म्हणतात, चोर सापडला. त्यामुळे शोधायचं नावच कुणी घेत नाही. आणि माझ्या तक्रारीवर त्या मुलाचं नाव टाइप करून ठेवलंय.

मावशी : मग नको करूस सही! तू सही केली नाहीस तर सुटेल तो.

मुलगी : नाही सुटणार. तुमचा जबाब आहे ना. मावशीने आयकार्ड पाहिलं होतं, मग आणखी काय पाहिजे, असं वर चाललंय. तो म्हणतो, त्या वेळी मी वर्गात चित्र काढत होतो. तर समितीतले हसले. चित्रकलेवाल्यांची हजेरी म्हणे दुसरेच लावतात.

मावशी : लावतातच.

मुलगी : सगळ्यांची?

मावशी : मला नको विचारूस.

मुलगी : आयकार्ड पाहिलं होतं का तुम्ही?

मावशी : हळू बोल. गर्दी होती गं. जेवणाची सुट्टी संपत आली की सगळे एकदम तुटून पडतात. एक हात आला. टोकन हरवलंय म्हणाला, ती काळी माझी, भिंतीकडची. खांद्याला झोळी होती, रंगाने बरबटलेली, नाकात टर्पेंटाइन गेलं. मी म्हटलं, चित्रकलेचा दिसतोय. यांचं काही जागेवर असतं का? टोकनं हरवतात, चपला हरवतात. उलट दयाच आली मला. दिली.

मुलगी : आयकार्ड?

मावशी : नाही पाहिलं.

मुलगी : मग पाहिलं म्हणून का सांगितलंत?

मावशी : टोकन नसेल तर आयकार्ड बघायचं, असा नियमच आहे. न बघता दिली म्हटलं असतं तर त्याच संध्याकाळी घरी. कंत्राटी बाई मी. नवऱ्याने अंथरूण धरलंय, सासूला दिसत नाही. दोघं माझ्या जिवावर जगतायत. घाबरले मी. घाबरून बोलले आणि मग ते टाइपच झालं.

मुलगी : पण ओळखपरेडीत तुम्ही त्यालाच कसं ओळखलंत?

मावशी : सहा जण उभे केले होते. पाच जणांकडे साध्या सॅक. एकाच्या खांद्याला रंगाची झोळी.

मुलगी : तुम्ही बोट कुणाकडे केलंत?

मावशी : झोळीकडे.

मुलगी : मावशी, रडू नका.

मावशी : रडत नाहीये. तेव्हा वर मान करून त्याच्याकडे पाहिलं मी, बोट करून झाल्यावर. त्याचे ओठ थरथरत होते. मी मनाला म्हटलं, चोर आहे म्हणून घाबरलाय.

शिपाई : (जिन्यावरून खाली येत) मावशी, चला वर. सगळे जमलेत. तुम्हाला नुसती सही करायचीय, मजकूर तयार आहे.

मावशी : फाडायला सांग तो.

शिपाई : काय?

मावशी : मी आयकार्ड पाहिलं नव्हतं. तोंडही पाहिलं नव्हतं. त्यांना सांगायला येतेच आहे, पण तू पुढे जाऊन सांगितलंस तरी चालेल. वर जाईपर्यंत माझी जीभ उलटली तर पंचाईत.

शिपाई : डोकं फिरलंय का तुमचं? या बाईने काय भरवलं तुम्हाला?

मावशी : तिला मधे आणू नकोस. सॅक तिचीच गेलीय.

शिपाई : अहो, आजच्या आज घरी बसवतील. आणि कुणासाठी, तर त्या चित्रकलेच्या पोरासाठी? ती पोरं तसलीच असतात, तुम्हीच सांगत असता ना सगळ्यांना?

मावशी : सांगत असते. आणि बऱ्याचदा खरंही निघतं रे. म्हणून तर कुणी मला उलटून विचारलं नाही.

मुलगी : मी येते तुमच्याबरोबर.

मावशी : ये. हात धर जरा, जिन्यावर मला धाप लागते.

शिपाई : आणि इथे? उद्यापासून कोण बसणार या खिडकीत?

मावशी : बसेल कुणीतरी. जी येईल तिला तेवढं सांग, खालच्या रॅकचा खिळा वर आलाय. पोरांच्या सॅकचे पट्टे फाटतात त्याने.