शेजारणीची घंटी

भावाचा दुबईतला फ्लॅट कसा हुकला, ते सांगतो. चहा ओत पहिले. बुकिंग त्याच दिवशी करायचं होतं. एजंट तिथून व्हिडिओ कॉलवर फ्लॅट दाखवून राहिला होता. खिडकीत निळा समुद्र! वहिनीनं तर पडद्यांचा रंगही ठरवून टाकला. पण आमच्या काकांचा रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यातला नियम पक्का: घर घेताना दलालाले नाही, शेजाऱ्याले विचारायचं.

काका म्हणाले, "भैया, जरा बाजूवालों की घंटी बजाओ."

एजंट कचरला, पण वाजवली. एका बाईनं दार उघडलं.

"दीदी, पानी आता है?"

"चौबीसों घंटे, भाईसाब. पर ये समंदर सालभर का है. सामने टावर बन रहा है."

वहिनीचे पडदे तिथंच गळून पडले.

बाईनं उलट विचारलं, "आप कहाँ से?"

"रायपूर."

"अरे! वहाँ नई राजधानी में कोई प्लॉट है क्या? हम तो ये बेचके उधर लेना चाहते हैं."

काका खुर्चीतून उठलेच. "है ना! मेरा ही है!"

मी त्यांच्या कानात म्हटलं, "काका, ती बी शेजाऱ्यांले विचारेल."

"विचारू दे ना," काका म्हणाले. "आपल्या प्लॉटच्या शेजारी गाईंशिवाय आहे कोण?"