रेकॉर्डच्या कव्हरावर पाडलेल्या भोकाबाबत

नाव: ओळखपत्रावर आहे ते. कामावर सगळे 'घडी' म्हणतात. वय: तेवीस वर्षे. शिक्षण: सातवी, तीही ढकलत. धंदा: पुठ्ठ्याच्या छापखान्यात कटिंग व डिझाइन. राहणार: छापखान्याच्या गोदामावरची खोली. मूळ घर लांब आहे, तिथे आई व थोरली बहीण असते.

मी चौकीत हवालदारसाहेबांसमोर बसून, कुणी दटावलेलं नसताना सांगतो की, वरील छापखान्यात मी दीड वर्षापासून कामाला आहे. त्याआधी तीन ठिकाणं सोडली, कुठंच मन लागेना. इथं लागलं, कारण मालकांनी मला खोक्यांवरून काढून रेकॉर्डच्या कव्हरांवर घातलं. कव्हरं मी चांगली करतो. हे फुशारकी म्हणून नाही, माहिती म्हणून लिहावं.

लोकगीतं गाणाऱ्या एका घरच्या बँडची रेकॉर्ड निघणार होती. थोरले बँजो वाजवतात, धाकटे भाऊ व्हायोलिन. थोरल्यांची बायको गाते, त्यांना सगळे वहिनी म्हणतात. कव्हरासाठी तिघांचा बाकापाशी काढलेला फोटो आला होता. त्यात थोरल्यांचा हात वहिनींच्या खांद्यावर आहे. छपाई सुरू व्हायच्या आधी वहिनी घर आणि बँड दोन्ही सोडून गेल्या. का ते मला माहीत नाही, मी विचारलंही नाही.

थोरले एकटे आले व म्हणाले, "हिला फोटोतून काढ."

मी म्हणालो, "काढतो. पण त्यांच्यामागचं बाक कुठून आणू? रंगानं झाकलं तर ठिगळ दिसेल."

"ते तुझं तू बघ. मला ती दिसायला नको."

गाण्यांतला आवाज काढायचा का, हे मी विचारलं नाही. छापखान्यात तेव्हा तीच गाणी स्पीकरवर लागलेली असत.

मी असं केलं, की पुढच्या पुठ्ठ्यातून वहिनींच्या आकाराएवढं भोक पाडायचं ठरवलं. आत रेकॉर्डचं जे पाकीट असतं, त्यावर गाण्यांचे शब्द छापले. ते भोकातून दिसतात. वहिनी कव्हरावर नाहीत, हे शंभर टक्के खरं आहे.

आमच्यात छपाईआधी कोऱ्या पुठ्ठ्याचा नमुना करून गिऱ्हाइकाला दाखवतात. त्यावर चित्र नसतं, नुसत्या घड्या आणि कट. थोरल्यांनी तो उघडला, मिटला, भोकात बोटं घालून पाहिली आणि म्हणाले, "झकास. काहीतरी वेगळं आहे." भोक कशाचं, ते विचारलं नाही. त्यांना वाटलं फॅशन आहे. मला वाटलं त्यांना कळलंय, कारण मला त्या कोऱ्या पुठ्ठ्यातही तिघं दिसत होते.

काल दुपारी दोघे भाऊ तयार माल न्यायला आले. धाकट्यांनी वरचं कव्हर उचललं आणि हसत सुटले. "दादा, अरे आधी वहिनी कडेला उभी होती. आता माणूस पहिलं तिलाच बघणार!"

थोरल्यांनी टेबलावरची कापायची सुरी घेऊन गठ्ठ्यांवर मारायला सुरुवात केली. मालक ओरडले, "अहो, माल आहे तो, भाजी नव्हे!" मी गठ्ठ्यांपुढे उभा राहिलो. त्यांनी मला ढकललं, माझं कोपर सोलपटलं.

"तिनंच सांगितलं ना तुला? कधीपासून ओळखतोस तिला?"

मी म्हणालो, "पाहिलंय ते फोटोत, ऐकलंय ते स्पीकरवर. बास." हे जबाबात ठळक लिहावं. बाईंच्या नावाला उगाच काही चिकटू नये.

मग त्यांनी एक कव्हर फाडायला उचललं. ते बघत राहिले. आवाज खाली आणून म्हणाले, "माझा हात का ठेवलास?"

त्या कव्हरात भोकाच्या काठावर त्यांच्या हाताची बोटं तशीच आहेत, आत वाकलेली. भोक पाडायच्या साच्याचं पातं एकेका बोटाभोवतून वळवावं लागलं. सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला.

मी म्हणालो, "हात काढायला तुम्ही सांगितलं नव्हतं."

त्यांनी सुरी ठेवली आणि गठ्ठ्यावर बसले. धाकटे म्हणाले, "दादा, चल घरी." ते म्हणाले, "थांब जरा." मी तिकडे बघितलं नाही, सांडलेली कव्हरं गोळा करत होतो. नंतर ते मालकांना म्हणाले, "जाऊ देत बाजारात. अशीच." पण तोवर मालकांनी चौकीला फोन केलेला होता.

फाटलेली कव्हरं मी पुन्हा करून देईन, छापील पुठ्ठा शिल्लक आहे. धक्क्याबद्दल माझी तक्रार नाही. थोरल्यांच्या कोटात सापडलेलं कव्हर चोरीचा माल म्हणून जप्त केलं, असं कळलं. ते चोरीचं नाही, मी दिलं. आतलं पाकीट घालून देत होतो, तर म्हणाले, "राहू दे. रिकामंच दे." ते कव्हर त्यांना परत मिळावं. तोवर सीलचा दोरा बोटांवरून बांधू नये, तिथे पुठ्ठा बारीक आहे, तुटेल.

वरचं सगळं हवालदारसाहेबांनी मला मोठ्यानं वाचून दाखवलं. एका ठिकाणी 'रडले' असं आलं होतं. ते मी सांगितलेलं नाही, म्हणून खोडायला लावलं. बाकी माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.