फोडणीचा वास

माझं माहेर धुळ्याच्या बाजूचं. लग्न होऊन पारोळ्याजवळच्या या गावात आले तेव्हा मला धड भाकरी थापता येत नव्हती, ती शिकवली अक्कानं, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईनं, आणि बाई, हे आधी लिहा, नाहीतर पुढचं वाचून तुमच्या नातवंडांना वाटेल की ती वैरीणच होती. वैरीण नव्हती. माझ्या कमलला पहिलं न्हाऊ तिनंच घातलं. ओटा एक, मधे भिंत, दोन चुली. कपाशी वेचायलाही आम्ही बरोबरच जायचो.

आता काय सांगू तुम्हाला, देवीचा आजार आला तरी तेव्हा त्याचं नाव घ्यायचं नाही, आई आल्या म्हणायचं. त्या घराच्या दाराला लिंबाचा पाला बांधायचा आणि चुलीवर फोडणी बंद, तेल तडतडलं तर आईला चटका बसतो म्हणत. खरंखोटं देव जाणे. पण पाला दिसो न दिसो, आम्ही बाया नाकानं ओळखायचो, इथं फोडणीचा वास आहे ना, मग लेकराला आत न्यायला हरकत नाही.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात देवी टोचणारा आला, आमच्या ओट्यासमोरच्या पिंपळाखाली बसला. कमल नुकती बोलायला लागलेली, अंगात ताप. तो म्हणाला, ताई, तापात टोचत नाही, पुढच्या फेरीला आणा, पण गावात कुठं देवी असेल तर खरं सांगा, मग ताप असला तरी आजच टोचतो. मी अक्काकडं पाहिलं. तिच्या पोरीचं लग्न तोंडावर आलेलं. अक्का हसली, म्हणाली, नही रे भाऊ, आमना गावमा काहीच नही शे, चाल मना घर, वांगानी भाजी खाईसन जाय. बाया हसल्या. तिच्या घरातून लसणाच्या फोडणीचा वास येतच होता. मी कमलला तशीच घरी आणली.

तिचा धाकटा कापसाच्या खोलीत पडून होता बाई, अंगभर देवी. लग्न झालं, पाहुणे जेवून गेले, मग कळलं. तोवर कमल तापानं फणफणली, माझ्या दाराला पाला लागला, माझी फोडणी बंद झाली. अक्काचा पोरगा उठला. कमलही वाचली, पण डोळे गेले.

मी भिंतीपलीकडं जाऊन विचारलं, अक्का, मला एकटीला तरी सांगायचं होतं. ती म्हणाली, लग्न मोडलं असतं वं, रोज फोडणी घालताना मी आईची माफी मागत होते. आईची मागत होती, माझी नाही.

आता अक्काची एक बाजू लुळी पडली आहे. पोरं जळगावला गिरणीत, तिची लेक सासरी. तिचं ताट माझ्याच घरून जातं. कमल भिंत चाचपत नेऊन देते, काकू काकू करत तिच्याशी बोलत बसते. भाजी मी उकडून, मीठ टाकून देते. फोडणी घालत नाही. अक्कानं कधी विचारलं नाही.

तुमच्या नातवंडांना सांगा, वेळेवर टोचून घ्या. त्यांचे डोळे सुखाचे राहोत.

परवा कमलनंच विचारलं, आई, काकूच्या भाजीला वास का गं नसतो? मी म्हटलं, पथ्य आहे तिला.