पदराखालची मान

कुंदा : ते कळलं आबा, गाव असोदा, केळीची शेती. मी पेशंटचं नाव विचारते आहे.

पितांबर : चिठ्ठीवर लिहेल हाये ना, मॅडम.

कुंदा : चिठ्ठी डॉक्टरांच्या अक्षरात आहे. ती त्यांनाही वाचता येणार नाही. आणि इकडे बघून बोला, दाराकडे काय आहे?

पितांबर : मी असाच बसतो. आमची बहू हाये ती. अभिमनची बाई. पोराची रेल्वेत डुटी, भुसावयले. म्हनून मलेच आनाव लागलं.

कुंदा : बाई, तुम्हीच सांगा. नाव काय?

सुमन : सुमन.

कुंदा : जरा मोठ्यानं बोला. पंख्याच्या आवाजात ऐकू येत नाही.

पितांबर : मोठ्यानं नही बोलनार ती. मी बसेल हाये इथं. लाज धरते.

कुंदा : म्हणजे तुमच्याशी बोलतच नाही?

पितांबर : बावीस वर्सं झाले लगनाले. मी तोंड नही पाह्यलं अन् ती माह्याशी एक सबद नही बोलली. चांगल्या घरची हाये.

कुंदा : बावीस वर्षं एका घरात राहून? मग भाजीत मीठ कमी पडलं तर सांगतं कोण?

पितांबर : घरची व्हती तोवर ती सांगे. ती गेली, दोन वर्सं झाले. मंग बेबी, माही नात, ती इकडचं तिकडं सांगे. बेबी यंदा वैशाखात एदलाबादले देली.

कुंदा : आणि आता?

पितांबर : आता भिताडाले सांगतो. पानी पाहिजे व्हतं, असं म्हनतो. पानी येते.

कुंदा : भिंतीचं एक बरं असतं, तिची मान दुखत नाही. सुमनबाई, इथे पालथ्या झोपा. पडदा ओढते मी. आबा पलीकडेच आहेत, तुम्ही माझ्या कानात बोला. काय होतं?

सुमन : मान वर व्हत नही, ताई. फळीवरचा डबा काढाचा तं हातानं चाचपडा लागते. मागच्या म्हैन्यात तेलाचा डबा डोक्यावर आला. अन् ह्या उजव्या हाताले मुंग्या. परवा भाकर थापता थापता हातातून सटकली ते चुलीत गेली.

कुंदा : औषधपाणी काय झालं?

पितांबर : बठ्ठं झालं, मॅडम. शेक झाला, ताजबीच्या हातची मालीश झाली. दोन फोटो काढले. एक डाक्टर म्हने मणक्यात गॅप, दुसरा म्हने काहीच नही. मानेले गयपट्टा देला व्हता एकानं, तो बी घातला.

सुमन : ताई, पट्टा पदराखाली घालत व्हते मी. पट्टा म्हने मान वर, पदर म्हने मान खाली. दोघांच्या भांडनात माहा जीव जाये. आठ दिवसांनी पेटीत टाकला.

कुंदा : हसवू नका, माझा हात हलतो. दीर्घ श्वास घ्या.

सुमन : पन ताई, दुखते मान अन् तुम्ही तर तळपाय दाबू राह्यल्या.

कुंदा : हा तळपाय दाबला की ओढ कुठे लागते?

सुमन : इथं. पोटरीले. अन् पाठीतून वर... आई गं. मानेले कशी लागली?

कुंदा : कारण एकच आहे ते. आबा, तुम्हीही ऐका, घरी तुम्हालाच लक्ष द्यायचं आहे. हाड चांगलं आहे हिचं. कातडीच्या खाली, मांसावर एक पातळ पांढरा पापुद्रा असतो. डोक्यापासून टाचेपर्यंत, कुठे न तुटता. शरीर ज्या तऱ्हेनं वर्षानुवर्षं ठेवाल, त्या तऱ्हेनं तो आखडतो, जागोजागी चिकटून बसतो. मग माणसानं मान उचलायची म्हटली तरी तो उचलू देत नाही. फोटोत येत नाही तो.

पितांबर : असं काही असतं हे कोनी सांगतलं नही आम्हाले.

कुंदा : आम्हालाही कुठे सांगितलं? फिजिओथेरपीच्या कॉलेजात मुडदा कापताना तो पापुद्रा सोलून बादलीत टाकायचो आम्ही. सर म्हणायचे, हे काही नाही, खालचं बघा. मी धुळ्याला आले, पेशंटच्या पाठीवर हात फिरवायला लागले, तेव्हा वाटलं की जे फेकलं तेच बघायचं राहिलं.

पितांबर : घडाच्या वजनानं केय वाकते, मॅडम. येळेवर टेका देला तं ठीक. उशीर झाला तं मंग घड उतरवला तरी ते सरय व्हत नही. वाकेलच राहते.

कुंदा : तसंच. पण बाई म्हणजे केळीचं झाड नाही, हिची मान सुटेल. मी आठवड्यातून एकदा मोकळं करीन, त्यानं भागणार नाही. घरी दर तासाला दहा वेळा तोंड वर करून छताकडे बघायचं. दिवसभर. सहा महिने असंच राहिलं तर तो हात कामातून जाईल, हे मी स्पष्ट सांगते.

सुमन : दर तासाले? ताई, ते घरातच राहता.

पितांबर : मी कुठं घरात राहतो? दिवसभर ओट्यावर बसतो, उन्हातबी. तिले वावरता याव म्हनून. आत याचं तं आधी खोकतो.

सुमन : ते खोकले का माही मान आपसूक खाली जाते. झोपेतबी जाते, ताई. एकदा त्यांले खोकला झाला व्हता, थंडीत. रातभर मी झटके खाल्ले.

कुंदा : आबा, ऐकलंत?

पितांबर : ऐकलं. खोकतो ते तिच्याचसाठी. एकदम अंगावर जानं बरं दिसते का?

कुंदा : मग घरात पदर सोडू द्या तिला. विषय संपला.

पितांबर : मी कधी नको म्हटलं? तिनं पदर नही घेतला तं मी काय काठी घेऊन बसेल हाये? मले वाटे तिलेच तसं बरं वाटते.

सुमन : (कुंदाच्या कानात) ताई, हे त्यांले सांगू नका. सासूबाईनं मरताना माहा हात धरला. म्हने, माह्यामागं घराची लाज ठेवशीन. मी हो म्हटलं. ते हो आता कोनाले परत करू?

पितांबर : ऐकू आलं मले.

कुंदा : पडदा कापडाचा आहे, आबा. तो काय अडवणार.

पितांबर : मलेबी सांगून गेली ती. म्हने, घरात आता तुम्ही दोघंच. सुनेकडं मान वळवून पाहू नका, लोकं नावं ठेवतीन. मीबी हो म्हटलं. आता जिले इचाराव, ती मरेल हाये.

सुमन : त्यांलेबी?

कुंदा : आता काय करायचं ते तुम्ही दोघं ठरवा. मी फक्त मानेचं सांगू शकते.

पितांबर : मॅडम, मी त्या भिताडाकडं तोंड करून बसतो. तिले म्हना, कर.

कुंदा : बाहेर बसा ना थोडा वेळ.

पितांबर : इथून बाहेर जाईन. घरून कुठं जाऊ? घरीबी असंच कराव लागीन. इथं जमलं तं तिथंबी जमनार.

(पितांबर स्टूल फिरवून भिंतीकडे तोंड करून बसतो. कुंदा पडदा बाजूला सारते. सुमन उठून बसते आणि पदर खांद्यावर घेते.)

कुंदा : हनुवटी वर. आणखी. मी धरलं आहे डोकं, पडणार नाही ते. दुखतंय?

सुमन : दुखते. पन दुखन्याचं नही, ताई. गळा असा उघडा पडला ना, मले भेव वाटते. कोनी पाहीन असं वाटते.

कुंदा : कोणी बघत नाही. काय दिसतं?

सुमन : पंख्याची दांडी. तिथंच अडकते.

कुंदा : आज दांडीपर्यंत. पुढच्या आठवड्यात छतापर्यंत जाऊ. रडा, रडायला हरकत नाही, फक्त मान सोडू नका. हं. आता हळूच खाली. सावकाश. डोळे समोर राहू द्या.

सुमन : ताई.

कुंदा : काय झालं? चक्कर येते का?

सुमन : नही. आबास्नी सांगा... त्यांची मान डाव्या अंगाले बसेल हाये. खांदाबी वर चढेल हाये. सदऱ्याची कॉलर नेहमी एकाच बाजूनं झिजेल राहते, धुताना दिसते मले. मी म्हने कापडच खराब. शिंप्याले दोष देत व्हते. आज मागून पाह्यलं तं कळलं.

कुंदा : माझ्याही ते मघाशीच लक्षात आलं होतं. मला वाटलं, दारात कोणाची वाट बघतायत.

सुमन : इचारा ना त्यांले.

कुंदा : मी नाही विचारणार. मी मानेवर इलाज करते, इकडचं तिकडं सांगायला मी काही बेबी नाही. भिंतीलाही विचारायचं नाही. तुम्हीच विचारा.

सुमन : नही जमनार, ताई.

कुंदा : दांडीपर्यंतही जमणार नव्हतं.

सुमन : ...आबा.

कुंदा : हं.

सुमन : आबा, तुमची मान दुखते का?

कुंदा : मोठ्यानं विचारा.

सुमन : आबा?

पितांबर : दुखते व, सुमन. मागं वळाचं म्हटलं तं वळत नही.