कामाचे कपडे

(छातीच्या डॉक्टरांची खोली. उजेडाच्या काचेवर दोन एक्स-रे. समोर ओट्याचे दगड कापणारा कारागीर आणि त्याची बायको.)

कारागीर: फिल्मांची अदलाबदल झाली असणार, डॉक्टर. तपासायला मी आलो होतो. ही नुसती सोबतीला आली, खोकते म्हणून जाता जाता हिचाही काढला.

डॉक्टर: मलाही तसंच वाटलं. म्हणून यांचा पुन्हा काढायला लावला. तुमची छाती स्वच्छ आहे. डाग यांच्या फुप्फुसांत आहेत.

कारागीर: अहो, तीस वर्षं दगड मी कापतोय. हिनं कारखान्याचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही.

बायको: आणि हे मास्क कधी काढत नाहीत. चहासुद्धा बाहेर जाऊन पितात. नवरीसारखं तोंड झाकतो म्हणून सगळे हसतात यांना.

डॉक्टर: कामाचे कपडे कुठं बदलता?

कारागीर: घरी.

बायको: तसेच भिजवले की बादलीत गाळ बसतो, मोरी तुंबते. म्हणून आधी मागच्या बोळात नेऊन झटकायचे, काठीनं बडवायचे. पांढरा ढग उठतो नुसता. पदर लावते की मी नाकाला.

डॉक्टर: पदराला ती धूळ जुमानत नाही. पिठासारखी दिसते ती जाड. घात करते ती दिसतच नाही. श्वासाबरोबर पार तळाशी जाऊन बसते, खोकून निघत नाही. मग तिथं वण पडत जातात.

कारागीर: म्हणजे मी आपलं तोंड बांधलं आणि धूळ हिला घरपोच आणून दिली.

बायको: काहीतरीच काय. कारखान्यात कपडे धुवून मिळत होते, मीच नको म्हटलं. तिथले लोक नुसता साबण दाखवल्यासारखं करतात.

कारागीर: बरी होईल ना ही?

डॉक्टर: पडलेले वण जात नाहीत. धूळ आजपासून थांबली, तर पुढचं रोखायला थोडा वाव आहे.

कारागीर: थांबली समजा. यापुढं कपडे तिकडेच.

बायको: माझं तर दोन महिन्यांपासूनच थांबलंय. दम लागायला लागला, तशी सूनबाईनं काठी हातातून काढून घेतली. म्हणाली, आई, तुम्ही बसा.

डॉक्टर: आता ती झटकते?

बायको: रोज. स्वयंपाक आवरला की, अकराच्या सुमाराला.

डॉक्टर: अकरा वाजून गेलेत.

कारागीर: कालचे कपडे मी दाराआड टांगून आलोय. थांबा, फोन लावतो. ...वाजतोय नुसता.

बायको: बोळात असली की ऐकू येत नाही तिला.