मामांचं धोतर

अलिबागचं नाव निघालं की घरात अजून सगळे माझ्याकडंच बघतात, राव. आम्ही डिंभ्याची, धरणाकाठची माणसं. धरणाचं पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या जमिनीत आम्ही पेरतो. गेलेलं पाणी पावसाळ्याशिवाय परत येत नाय, हे आमच्या अंगातच बसलंय.

यंदा संक्रांतीनंतर बायकोनं आणि मी सासऱ्यांना, म्हणजे मामांना, अलिबागला समुद्र दाखवायला नेलं. पाणी लांब गेलेलं. पोहायचं ठरलं, तसे मामा धोतर-सदरा ठेवायला मागं कट्ट्याकडं निघाले.

मी म्हणालो, "मामा, एवढ्या लांब कशाला? ठेवा हितंच. उतरलेलं पाणी आता पावसाळ्यातच चढायचं."

"जावईपावणं, तुमी म्हणताय म्हंजी बरूबरच असंल," म्हणाले, आणि कपड्यांवर दगड ठेवून पाण्यात उतरले.

भरती-ओहोटी शाळेत शिकलो होतो, पण डोक्यात धरण! बऱ्याच वेळानं मागं वळून बघतो, तर धोतर दिसंना, दगड दिसंना, वाळूच दिसंना.

गावातले तंटे मिटवणारा माणूस, लेकीची गुलाबी ओढणी कमरेला गुंडाळून भर गर्दीतून खालमानेनं चालला. शिव्या दिल्या असत्या तरी बरं वाटलं असतं.

परवा धरणावर पोहायला गेलो, तर मामा कपडे घेऊन पार टेकाडावरच्या बाभळीकडं चढायला लागले.

मी म्हणालो, "मामा, ह्ये आपलं धरण हाय."

"धरण आपलंच हाय," मामा म्हणाले, "पर पावणं बी तेच हायेत."